पाणी बडवणारी आत्या

शिवकांता आत्या विहिरीत उतरायच्या आधी सापांशी बोलायची. खोटं वाटत असेल तर बेंबळीतल्या माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा. उजाडता उजाडता आम्ही सात-आठ पोरी तिच्या मागं बारवेच्या पायऱ्या उतरायचो. तिच्या हातात लिंबाची हिरवी डहाळी असायची. शेवटच्या पायरीवर उभी राहून ती डहाळीनं पाणी बडवायची, चांगलं फटाफट, आणि म्हणायची, "सरा रे बाबांनो, सरा. पोरी यायल्यात." पाण्यावर पसरलेली पाणदिवडं खरंच कपारीत सरकायची. एखादा आळशी साप राहिलाच, तर ती एक धोंडा टाकायची आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग तोही जायचा.

आत्या माझ्या वडलांची, म्हणजे महांतप्पांची थोरली बहीण. वडलांना मी आप्पा म्हणायचे. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा तापानं गेला आणि ती माहेरी परत आली. आमच्या लिंगायतांच्या गल्लीत बारव होती, आणि बायकांच्या घागरी त्या बारवेत सारख्या पडायच्या. घागर काढायला पुरुष बोलवावा, तर तो येईपर्यंत दुपार व्हायची, आणि आला की सगळ्या बायकांनी पदर ओढून बाजूला उभं राहायचं. आत्याला हा तमाशा आवडेना. एक दिवस तिनं लुगड्याचा काचा मारला, गळ्यातलं लिंग चोळीत घट्ट खोचलं आणि बुडी मारली. ती पोहायला कधी शिकली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "बेडकाला कुणी शिकवलं?"

त्यानंतर गल्लीतली घागर काढायला पुरुष लागला नाही. हळूहळू पोरी तिच्याकडं पोहायला यायला लागल्या. कमरेला दोरखंड, पाठीला वाळलेला भोपळा, आणि दोरखंडाचं दुसरं टोक आत्याच्या मनगटाला. आत जाताना पोरी मोजायची, बाहेर येताना पोरी मोजायची, आणि घरी जाऊन चूल पेटवायच्या आधी मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजायची. पंचवीस वर्षांत तिच्या हातून एकही पोर पाण्यात गेली नाही. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवत नसे. मला तर तो गर्व फार आवडायचा. आमच्या गावात बायकांनी गर्व करावा अशा गोष्टी तशा कमीच होत्या.

आता समुद्राकडं वळते. आमच्या मुलखात समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. पण छप्पन साली निजामाच्या मुलखातला आमचा भाग मुंबई राज्यात गेला, साठ साली महाराष्ट्र झाला, आणि सरकारी नोकर पत्त्याच्या पानांसारखे पिसले गेले. माझे धाकटे काका शरणबसप्पा उस्मानाबादच्या तहसीलमधे कारकून होते. त्यांची बदली थेट रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावी झाली. उर्दू शाळेत शिकलेले काका 'अर्ज' न म्हणता 'दरख्वास्त' म्हणायचे, आणि तिथले लोक त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचे. सहा महिन्यांत कंटाळून त्यांनी पत्र पाठवलं. बासष्ट सालचा उन्हाळा होता.

"सुट्टीत अक्का व प्रेमला यांस पाठवून द्यावे. समुद्रस्नानाने तब्येत सुधारते. येथे मुशी नावाचा मोठा मासा असतो. त्याचे दात करवतीसारखे असून गेल्या साली त्याने एका खलाशाची पोटरी धरली. परंतु फिकीर करू नये."

काकांची ही खोडच होती. वाईट बातमी नीट तपशिलानं सांगायची आणि वर फिकीर करू नये म्हणून लिहायचं. आप्पांनी पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं होतं, ते पोटरीपाशी थांबले. मग घडी घालून कोनाड्यात ठेवलं.

"प्रेमला कुठं जाणार न्हाय," ते म्हणाले.

अक्का म्हणजे आत्या, आणि प्रेमला म्हणजे मी. अकरा वर्षांची. माझ्या आधीची दोन भावंडं आप्पांनी पुरली होती, आणि माझ्यानंतर कुणी झालं नाही. त्यामुळं मला साधी शिंक आली तरी आमच्या घरात काढा उकळायचा. मी गावच्या बारवेत पोहायचे तेसुद्धा आत्या होती म्हणून. आप्पा पोहणं बघायला कधी यायचे नाहीत. मी घरी परत येईपर्यंत ते अंगणात फेऱ्या मारत असायचे.

मी रडले. आत्या शेंगा फोडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्या हाय की."

"अक्का, ती काय पाणदिवड हाय व्हय? मुशी म्हणत्यात तिला. माणूस खाती."

"म्या हाय म्हणलं न्हवं?"

"तुझ्यावर इतबार हाय माझा. पाण्यावर न्हाय."

"पाण्याचं म्या बघते. तू माझ्यावर ठेव."

दोन दिवस हेच चाललं. शेवटी आप्पा नरमले, पण त्यांनी अट घातली. प्रेमलाच्या आधी अक्का पाण्यात, आणि प्रेमला बाहेर आल्यावर अक्का बाहेर. आत्यानं इष्टलिंगावर हात ठेवून शब्द दिला, "जशी न्हेते तशी आणते." आप्पांनी मान हलवली आणि उठून गोठ्यात गेले. त्यांचे डोळे भरले होते असं आई नंतर म्हणाली. मला काय, मी तेव्हा नाचत होते.

येडशीहून छोट्या गाडीनं मिरज, तिथून कोल्हापूर, मग एसटीनं घाट. दोन दिवसांचा प्रवास. सामानात ज्वारीच्या भाकरी, शेंगांची चटणी, धपाटे, आणि एक भलामोठा वाळलेला भोपळा. दोरखंड आत्यानं कमरेभोवती गुंडाळला होता. मिरजेच्या फलाटावर एका बाईनं विचारलं, "भोपळा कशाला, आजी?" आत्या म्हणाली, "समुद्राला न्यायलाव." त्या बाईनं पुढं काही विचारलं नाही.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा मी ओरडले. आत्या ओरडली नाही. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग काकांना म्हणाली, "शरणू, ह्याला कठडा न्हाय." तिचा आवाज बारीक झाला होता. आत्याला भीती वाटू शकते हे मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगते, माझं निम्मं अवसान तिथंच गळालं.

पण आत्या ती आत्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं किनाऱ्याची पाहणी केली. मोठी वाळू गावासमोर होती. तिथं ऊन चढल्यावर गावातली माणसं, पोरं, दोन-चार पाहुणे असे सगळे अंघोळीला यायचे. "बाप्ये किती हायत तिथं," आत्या म्हणाली. "उघड्या उन्हात, चार लोकांत, ओलेत्यानं? म्या न्हाय." नीलम्मा काकूनं सांगून पाहिलं, की इथं सगळे असेच न्हातात, कुणी बघत नाही. आत्यानं तिच्याकडं असं पाहिलं की काकू आपली भाजी चिरायला गेली.

मग आत्यानं स्वतःची जागा शोधली. गावाच्या टोकाला खाडी समुद्राला मिळते, तिथं लाट नव्हती. पाणी संथ, थोडं गढूळ, अगदी आमच्या बारवेसारखं. दुपारी तिथं खारवी लोक मासळी साफ करायचे आणि घाण पाण्यात टाकायचे. दिवस कलला की सगळे निघून जायचे, आणि जागा ओस पडायची. वास मात्र राहायचा. आम्ही मासळीचं नाव न काढणारी माणसं. आत्या पदरानं नाक दाबून म्हणाली, "वासानं कुणी मरत न्हाय. जागा आडोशाची हाय, पाणी गरीब हाय, माणूसकाणूस न्हाय. दिवस मावळताना येऊ."

आता मला हसू येतं. तिनं निवडलेल्या त्या जागेत आणि त्या वेळेत एकही गोष्ट बरोबर नव्हती. पण बेंबळीच्या हिशेबानं ती शंभर टक्के बरोबर होती. बायकांनी न्हायचं ते आडोशाला, पुरुष नसताना, उजेड कमी असताना, आणि शांत पाण्यात. आम्हाला आयाआज्यांनी हेच शिकवलं होतं.

पहिल्या संध्याकाळी आत्यानं काठावरची नारळाची झावळी उचलली. लिंबाची डहाळी तिथं कुठली मिळायला. मग गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं पाणी बडवलं. झावळी मोठी, त्यामुळं आवाजही मोठा. "सरा रे, सरा. पोर यायलीया." मुशी काय, साप काय, आवाज केला की जनावर पळतं, असा तिचा रोकडा हिशेब. मला कमरेला दोरखंड बांधला, पाठीला भोपळा, आणि छातीएवढ्या पाण्यात उतरवलं. आत्या माझ्या पुढं, समुद्राच्या बाजूला. पाणी खारट लागलं म्हणून मी थुंकले आणि तिनं मला एक धपाटा घातला. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही काही झालं नाही. आत्या खुशीत होती. घरी आल्यावर काकांना म्हणाली, "तुझ्या मुशीला बेंबळीचा मार दिसला."

काठावर एक जुनी होडी उपडी घातलेली असायची आणि तिच्या सावलीत एक म्हातारा जाळं विणत बसायचा. दाऊद तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, हे काकांनी सांगितलं. तो आमच्याकडं पाहायचा आणि लगेच मान खाली घालायचा. आत्यानं त्याला चालवून घेतलं होतं. म्हातारा आहे, आणि नजर साफ आहे म्हणून.

तिसरी संध्याकाळ. ऊन उतरलं होतं, पाणी तांबूस झालं होतं. आत्यानं रोजच्यासारखी झावळी आपटली, रोजच्यापेक्षा जास्तच. मी पाण्यात होते. भोपळ्याच्या जोरावर पाय हलवत होते, आणि पायातल्या चांदीच्या चाळांशी खेळत होते. पाण्यात ते कसे दिसतात हे बघायला मला आवडायचं.

तेवढ्यात आत्याचा हात थांबला. मी वर पाहिलं. आमच्यापासून चार-पाच कासरे लांब पाण्यावर एक काळं त्रिकोणी टोक दिसत होतं. ते सरळ आमच्याकडं येत नव्हतं. एका बाजूनं गेलं, वळलं, आणि मग जवळ आलं. त्याच्याखाली कसलीतरी लांब सावली होती, माणसाएवढी.

आत्यानं जे केलं ते कुठल्याही बेंबळीकरानं केलं असतं. तिनं दोन्ही हातांनी झावळी उचलली आणि सगळ्या जोरानं पाण्यावर हाणली. "हाट! हाट! सर म्हणते न्हवं!" पाणी उडून माझ्या डोळ्यांत गेलं. डोळे पुसून पाहिलं तर ते टोक लांब जायच्या ऐवजी जवळ आलं होतं. आत्यानं पुन्हा झावळी उचलली.

"बाई! मारू नको! पाणी मारू नको!"

तांडेल होडीजवळून ओरडत धावत होता. हातातलं जाळं तसंच पायात अडकलेलं. "आवाजावर येते ती! उभी राहा! हलू नको!"

झावळी आत्याच्या डोक्यावर होती. मी तिच्या पाठीशी होते, त्यामुळं तिचा चेहरा मला दिसला नाही, पण तिचे दंड दिसत होते. ताठलेले. पंचवीस वर्षं तिनं जनावर हाकलायचा एकच मार्ग ओळखला होता, आणि आता एक अनोळखी म्हातारा, परक्या मुलखातला, परक्या जातीचा, तिला उलटं सांगत होता. आणि तिच्या मागं मी होते.

आत्यानं झावळी खाली आणली. आपटली नाही. हळूच पाण्यावर ठेवली, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी, आणि सोडून दिली.

"प्रेमले," ती न वळता म्हणाली, "पाय हलवू नको. श्वास घे. माझ्या पाठीला चिकट."

मी चिकटले. तिचं काळीज माझ्या गालाशी धडधडत होतं. मी मरणार असं मला अगदी स्पष्ट वाटलं. मला आप्पा आठवले, अंगणात फेऱ्या मारणारे. आणि त्याच वेळी आत्याच्या ओल्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास येतोय, हेही मला कळत होतं. माणसाचं डोकं कसं चालतं कोण जाणे.

"तिच्याकडं बघ," तांडेल काठावरून म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "पाठ दाखवू नको. पोरीला घेऊन मागं मागं ये. सावकाश. पाणी उडवू नको."

आत्या एक पाऊल मागं आली. मी तिच्या पोटाभोवती हात घालून एक पाऊल मागं आले. दोरखंड आमच्या दोघींमधे सैल तरंगत होता. ते टोक आमच्यासमोरून आडवं गेलं. आता सावली नव्हती, अंग दिसत होतं. राखाडी, जाड, आणि एक डोळा. दोन हातांवरून ती गेली. आत्यानं तिच्याकडं नजर लावून ठेवली होती, गल्लीत भांडायला आलेल्या बाईकडं लावावी तशी. पण तोंडातून शब्द नाही. शिवकांता आत्या भांडणात गप्प राहिलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

आणखी एक पाऊल. आणखी एक. पाणी माझ्या कमरेला आलं, मग गुडघ्याला. मुशी पुन्हा एकदा वळली. तरंगणाऱ्या झावळीजवळ गेली, तिला नाक लावलं आणि खाडीच्या मधल्या धारेकडं निघून गेली. टोक खाली गेलं. पाणी तसंच तांबूस, तसंच गरीब दिसायला लागलं.

तांडेलनं मला बखोटीला धरून वाळूवर ओढलं. आत्या माझ्यानंतर बाहेर आली. तिनं मला आधी पायांपासून डोक्यापर्यंत चाचपलं. दोन्ही पाय, दोन्ही हात, बोटं. मग एकदम खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण हसणं थांबेना. मीही हसायला लागले. तांडेल आमच्याकडं बघून डोकं हलवत होता, मग तोही हसला. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात पुन्हा एकदाच वाटलं, माझ्या लेकीच्या बाळंतपणात, आणि तेव्हाही मी अशीच वेड्यासारखी हसले होते.

धीर आल्यावर आत्यानं पदर सावरला आणि तांडेलला झाडायला सुरुवात केली. "दोन दिस बघायला व्हता न्हवं तुमी? मग तवाच का न्हाय बोललात?"

"मला वाटलं पूजा आहे," तांडेल ओशाळून म्हणाला. "तुमच्या मुलखातली. झावळीनं पाणी मारून, काहीतरी मंतर बोलून. दुसऱ्याच्या पूजेत कसं बोलायचं?"

 मग आत्यानं त्याला बारवेची, सापांची, डहाळीची सगळी गोष्ट सांगितली. तांडेल मन लावून ऐकत होता. साप आवाजाला भितो हे त्याला पटलं. "मुशीचं वेगळं," तो म्हणाला. "जखमी मासा तडफडतो, तसा आवाज झाला की ती बघायला येते. तू तिला रोज जेवायला बोलवत होतीस, बाई." मग त्यानं माझ्या पायांकडं बोट दाखवलं. "हे पैंजण काढ. पाण्यात चमकतात. तिला मासोळीच वाटते." मासळीची घाण टाकतात तिथं उतरायचं नाही, दिवस मावळताना उतरायचं नाही, गढूळ पाण्यात उतरायचं नाही, एकटंदुकटं उतरायचं नाही, हे सगळं तो सांगत गेला. आत्या एकेक गोष्ट ऐकून "व्हय, व्हय" म्हणत होती. शाळेत कधी न गेलेली बाई, पण एवढ्या चांगल्या विद्यार्थिनी मी नंतर मास्तरीण झाल्यावरही फार पाहिल्या नाहीत.

"ती माणूस खाती व्हय?" शेवटी आत्यानं विचारलं.

"क्वचित. एखाद्या वेळी चुकून धरते. बहुतेक वेळा आम्हीच तिला खातो," तांडेल म्हणाला. आत्यानं पदर नाकाला लावला, पण या वेळी हसत लावला.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता भोपळा आणि दोरखंड घेऊन आम्ही परत निघणार. पण ऊन चांगलं वर आल्यावर आत्या मला म्हणाली, "चल." मोठ्या वाळूवर, गावासमोर, पुरुषांच्या आणि पाहुण्यांच्या देखत ती काचा मारून पाण्यात गेली. तिचा चेहरा लाजेनं लाल झाला होता. पाणी स्वच्छ होतं, तळाची वाळू दिसत होती. तिनं हात पाण्यात असा घातला की आवाज होऊ नये. मी चाळ घरी काढून ठेवले होते. आम्ही तिथं रोज न्हायलो, सुट्टी संपेपर्यंत. मुशी पुन्हा दिसली नाही. आठव्या दिवशी आत्या नीलम्मा काकूला म्हणाली, "खरंच गं, कुणी बघत न्हाय." तिच्या आवाजात थोडी निराशा होती असं काकू अजून सांगते.

परतीच्या प्रवासात मात्र ती गप्प होती. कोल्हापूरला, मिरजेला, छोट्या गाडीत, कुठंच बोलली नाही. मी विचारलं, "आत्या, आप्पांना सांगायचं का?" ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मला वाटलं, नाही सांगणार. सांगितलं तर मला परत बारवेतसुद्धा उतरू देणार नाहीत, आणि तिच्यावरचा विश्वास गेला तर गल्लीतल्या पोरीही घरीच राहतील. मी मनात ठरवलं की मीही तोंड उघडणार नाही.

बेंबळीला पोचलो तेव्हा दुपार होती. आप्पा अंगणातच होते. गल्लीतल्या बायका समुद्राची हकीकत ऐकायला जमल्या होत्या. आप्पांनी मला उचललं. अकरा वर्षांच्या पोरीला कुणी उचलतं का, पण त्यांनी उचललं. आई पाय धुवायला पाणी घेऊन आली. आत्यानं ते घेतलं नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हणाली, "आधी ऐक, मग घरात घे."

आणि तिनं सगळं सांगितलं, भर गल्लीत. काही झाकलं नाही. जागा तिनं निवडली, वेळ तिनं निवडली, झावळी तिनं आपटली. "म्या तुझी पोर मुशीपुढं उभी केली, महांता. तीन दिस तिला हाक मारली. त्या म्हाताऱ्यानं थांब म्हणलं म्हणून पोर हाय. जशी न्हेली तशी आणली असं म्या म्हणणार न्हाय. म्या न्हाय आणली."

 आप्पांनी मला खाली ठेवलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मला वाटलं आता ते ओरडणार.

"त्यानं थांब म्हणलं," आप्पा म्हणाले, "आन् तू थांबलीस?"

"थांबले."

"किती येळात?"

"लगीच."

आप्पांनी मोठा श्वास सोडला. "अक्का, म्या असतो तर भ्यालो असतो आन् बडवतच ऱ्हायलो असतो. कुणाचं ऐकलं नसतं. पोर गेली असती माझी." मग थोडं थांबून ते म्हणाले, "उद्यापास्नं हिला बारवेत तूच न्हे."

आत्या उंबऱ्यावरच बसली.  आप्पा आत गेले, तांब्या घासून भरून आणला आणि वाकून तिच्या हातात दिला. आमच्या घरात पुरुषानं बाईला पाणी आणून दिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. आत्यानं ते एका दमात पिऊन टाकलं आणि आणखी मागितलं.